लगदा काढल्यावर उरलेले लाकूड

कागदासाठी लाकूड शिजवले की त्यातले साधारण निम्मेच लगदा म्हणून हाती येते. बाकीचे रसायनांसह द्रावात उतरते: तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन, काही साखरा, राळ. हा द्राव एकेकाळी सर्रास नदीत सोडला जाई.

नॉर्वेतील सार्प्सबोर्ग इथल्या बोरेगार्डने मात्र त्यावरच आपला व्यवसाय उभा केला. स्प्रूसच्या द्रावातल्या साखरा आंबवून तिथे १९३८ पासून इथेनॉल तयार होते. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या महाराष्ट्राला ही रीत ओळखीची वाटेल. लिग्निन काँक्रीट प्रवाही करण्यासाठी आणि पशुखाद्याच्या गोळ्या बांधण्यासाठी विकले जाते. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिनही तिथे १९६२ पासून लाकडातूनच निघते. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे १००० किलो लाकडातून सुमारे ४०० किलो सेल्युलोज, ४०० किलो लिग्निन, ५० किलो इथेनॉल आणि अवघे ३ किलो व्हॅनिलिन मिळते. बातमी व्हॅनिलिनची होते, पण कारखाना चालतो तो या साऱ्यांच्या बेरजेवर.

मग सगळ्याच गिरण्या असे का करत नाहीत? कारण आज बहुतेक गिरण्या क्राफ्ट पद्धतीच्या आहेत. त्या काळा द्राव आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, शिजवणीची रसायनेही परत हाती येतात. तिथे द्रावाला टाकाऊ म्हणणेच चूक आहे. तो गिरणीचे इंधन आहे. लिग्निन बाहेर काढले, तर तेवढी उष्णता दुसरीकडून आणावी लागते. पाइनच्या द्रावावर तरंगणारा साबणासारखा थर काढून घेणे त्या मानाने सोपे. त्यापासून मिळणाऱ्या टॉल ऑइलचे डिझेल फिनलंडमध्ये लाप्पेनरांता इथे यूपीएम २०१५ पासून बनवते आहे.

लिग्निनची वाट अधिक खडतर आहे. फिनलंडमधल्याच सुनिला गिरणीत स्टोरा एन्सोने २०१५ मध्ये क्राफ्ट लिग्निन वेगळे करायला सुरुवात केली. पुढे त्यापासून बॅटरीसाठी कार्बन बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्पही तिथे उभा राहिला. पण २०२३ मध्ये लगद्याचेच उत्पादन बंद झाले आणि लिग्निनचा झरा आटला. लिग्निन कितीही गुणी असो, लगदा परवडला तरच ते मिळते.

आपल्याकडे अशा प्रकल्पाची घोषणा झाली, की दोन आकडे आधी मागावेत: दर टनामागे कोणता पदार्थ किती निघणार, आणि बॉयलरमधून काढून घेतलेल्या इंधनाच्या जागी काय जळणार.