घरसंसार : बेसिनखालचे कपाट, खिशाला परवडेल असे



घराला रंग द्यायचे ठरले की बाथरूमच्या बेसिनचा विषय हमखास निघतो. खाली उघडे पडलेले पाइप, कोपऱ्यात ठेवलेली बादली, साबण आणि डिटर्जंटच्या पुड्या. दुकानातली तयार व्हॅनिटी छान दिसते, पण किंमत ऐकून आपण परत फिरतो. शिवाय ती आपल्या भिंतीच्या मापाची नसते आणि आपल्या वापराचीही नसते. आपल्याकडे या बेसिनवर फक्त तोंड धुतले जात नाही, दिवसातून पाच वेळा घरातली सगळी माणसे वुजू करतात. म्हणून पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे याच वापरावरून ठरवावे.

पहिला प्रश्न लाकडाचा. सुतार प्लायवूड सुचवतो. प्लायवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ एमआर म्हणजे दमट हवेला टिकणारा प्लाय. तो पाण्यात टिकत नाही. बेसिनखाली तो फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात. पाण्यासाठीचा प्लाय आयएस ७१० बीडब्ल्यूपी, तो महाग पडतो. स्वतःचे घर असेल तर लाकडाच्या नादी न लागता स्वयंपाकाच्या ओट्यासारखेच दगडात काम करा. कडप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि गावातल्या गवंड्याला हे काम येते.

३ फूट रुंदीच्या ओट्याचा हिशेब असा : वरची फरशी ३ फूट बाय २० इंच, म्हणजे ५ चौरस फूट. दोन बाजूंचे उभे दगड प्रत्येकी अडीच फूट बाय १८ इंच, मिळून साडेसात चौरस फूट. मधला एक कप्पा ३ फूट बाय १८ इंच, म्हणजे साडेचार चौरस फूट. एकूण १७ चौरस फूट. वरच्या फरशीसाठी मार्बलच्या दुकानात ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे विचारा. एवढा छोटा तुकडा पूर्ण लादीच्या दरापेक्षा बराच स्वस्त मिळू शकतो. बाजूंना आणि कप्प्याला साधा कडप्पा पुरे. खालचा कप्पा जमिनीपासून ६ इंच वर घ्या, म्हणजे खालून पोछा मारता येतो. दारे ॲल्युमिनियमच्या चौकटीत पीव्हीसी शीटची करून घ्या. ती साधारण ६ चौरस फूट भरतात. बिजागऱ्या मात्र स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

दगड कापण्याआधी बेसिन घरात आणा. खोक्यात कापायच्या भोकाचा कागदी नमुना असतो, तो कारागिराच्या हातात द्या. ओट्यावर ठेवायचे वाडग्यासारखे बेसिन सध्या चलनात आहे, पण ते ५-६ इंच उंच असते. ३२ इंचांच्या ओट्यावर ते बसवले तर काठ ३७-३८ इंचांवर जातो. मुलांचा हात पोचत नाही आणि कोपरापर्यंत धुताना पाणी उलटे बाहीत शिरते. त्यापेक्षा फरशीच्या खाली बसणारे, निदान २० बाय १६ इंचांचे बेसिन घ्या. नळ उंच मानेचा, म्हणजे स्वान नेक असावा. त्याची धार बेसिनच्या मध्यावर पडली पाहिजे. फिरवायच्या गोल मुठीपेक्षा पाव फेऱ्यात बंद होणारा दांडीचा नळ घेतला, तर पाणी वाहत राहत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद म्हणजे तांब्याभर पाणी. आपल्या नळातून किती जाते, एकदा खाली बादली ठेवून बघा.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. फजरच्या वेळी अर्धवट झोपेत, ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये टाकणारी दादी-नानी अनेक घरांत आहे. या वयात मांडीचे हाड मोडले तर ते माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते. दारांच्या नक्षीवरचे पैसे वाचवून नहाणी ट्रॅपजवळ, जमिनीपासून दीड फुटावर एक वेगळा नळ काढा. समोर एक पक्के स्टूल आणि भिंतीला एक धरायची दांडी. एवढ्याने त्यांचा वुजू बसून, निवांत होतो.

नहाणी ट्रॅपची जागा मात्र हलवू नका. ती हलवली की फरशी फोडावी लागते, वॉटरप्रूफिंग तुटते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. आपली हौस आणि शेजाऱ्याला त्रास, असे होऊ नये. दगड बसवण्यासाठी भिंतीत खाच घ्यायची असेल, तर ४ इंची भिंतीत ती इंचभरच घ्या आणि आत पाइप कुठून गेला आहे ते प्लंबरला आधी विचारा.

छोट्या गोष्टी, पण सांगून करून घ्या : फरशीच्या पुढच्या काठाखाली पाणी अडवणारी बारीक खाच, म्हणजे थेंब दारांवर ओघळत नाहीत. फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन. अँगल कॉकपर्यंत हात सहज पोचेल अशी कप्प्याची जागा. काम संपल्यावर बॉटल ट्रॅपखाली रात्रभर कोरडा कागद पसरून ठेवा. सकाळी तो ओला दिसला तर कारागिराचे शेवटचे पैसे देण्याआधी सांधा परत कसून घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंत फोडू नये. पीव्हीसी बोर्डचे पायांवर उभे राहणारे, मागची बाजू उघडी असलेले कपाट आहे त्या बेसिनखाली सरकवा. घर बदलताना ते बरोबर नेता येते.

आणि साफसफाई : कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू लागले की त्याची झिलई जाते. साबणाचे पाणी आणि लगेच कोरडे फडके, एवढेच त्याला लागते. बोअरचे पाणी असेल तर रोज रात्री झोपण्यापूर्वी ओटा पुसून ठेवा, पांढरे डाग धरणार नाहीत.