कॉम्प्युटरमधला पाहुणा

नमाजच्या वेळा दाखवणारे एक एक्स्टेन्शन आम्ही घरच्या क्रोममध्ये टाकले होते. परवा ‘तपशील’ उघडून पाहिले, तर त्याला प्रत्येक वेबसाइटवरचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची मुभा! वेळा सांगायला अम्मींच्या पेन्शनचे पान कशाला वाचायचे? लगेच काढले.

आज नेक असलेले उद्याही नेक राहील, असेही नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ सुमारे वीस लाख लोक वापरत. २०२० मध्ये मालकाने ते विकले; फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून बंद केले. अपडेट आपोआप येतात, मालक बदलल्याचे घरबसल्या कळत नाही.

मुलांना घेऊन बाकीची तपासली. दोन तर कुणी टाकली, कुणालाच आठवेना. तीही काढली.