शून्य गुणांचा नायक

मराठीत ‘गुण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. उत्तरपत्रिकेवर शिक्षक लाल शाईने लिहितात तेही गुण, आणि माणसाच्या स्वभावात जे जे चांगले असते तेही गुण. हे दोन्ही अर्थ एकच आहेत, अशी समजूत पुष्कळांची होऊन बसलेली असते. उत्तरपत्रिकेवर शून्य दिसले की तो मुलगाच शून्य ठरतो. जपानमधील एका चित्रकथाकाराने मात्र या दोन अर्थांमधील अंतर ओळखले आणि परीक्षेत वारंवार शून्य मिळवणाऱ्या मुलालाच आपल्या कथेचा नायक केले. त्या मुलाचे नाव नोबिता, आणि त्या कथामालेचे नाव ‘डोरेमॉन’.

या कथेचे जनक हिरोशी फुजिमोतो हे होत. त्यांचा जन्म १९३३ साली ताकाओका या गावी झाला. ‘फुजिको एफ. फुजिओ’ या टोपणनावाने ते पुढे जगभर प्रसिद्ध झाले. १९७० च्या जानेवारीच्या अंकांपासून जपानमधील बालमासिकांत त्यांची ही चित्रकथा छापून येऊ लागली. जपानी लोक सजीव चित्रांच्या मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. या कथेची पहिली ॲनिमे मालिका १९७३ साली निघाली, पण ती फार काळ चालली नाही. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झालेली दुसरी मालिका मात्र मार्च २००५ पर्यंत अखंड चालू राहिली, आणि एप्रिल २००५ पासून तिची जागा नव्या मालिकेने घेतली. हिंदी भाषांतरातून ती भारतातील घरोघरी पोहोचली, आणि मराठी मुलांनाही नोबिता शेजारच्या आळीतला मुलगा वाटावा इतका ओळखीचा झाला.

कथेची मांडणी सोपी आहे. नोबिता आळशी, भित्रा आणि खेळात मागे पडणारा मुलगा आहे. त्याचे पुढे कसे होणार, या चिंतेने भविष्यकाळातील त्याचा एक वंशज बाविसाव्या शतकातून एक यंत्रमांजर त्याच्याकडे पाठवतो. तोच डोरेमॉन. त्याच्या पोटावरच्या खिशात अद्भुत साधनांचे भांडार आहे. नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन खिशातून काहीतरी काढतो, आणि गोष्ट सुरू होते.

या मालिकेवर वडीलधारी मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, नोबिताला आयते साहाय्य मिळते, आणि त्याला पाहून मुले कष्टाचा कंटाळा करू लागतील. दुसरा असा की, पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी हा मुलगा होता तसाच राहिला. ज्याला वाढ नाही, ते पात्र कसले आणि ते लेखन कसले? दोन्ही आक्षेप विचारपूर्वक घेतलेले आहेत, म्हणून त्यांचा विचारही तितक्याच गांभीर्याने करावयास हवा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर कथांच्या रचनेतच आहे. पाठांतराच्या पावाची गोष्ट पाहावी. या पावावर पुस्तकाचे पान उमटवून तो खाल्ला की ते पान तोंडपाठ होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता असे पुष्कळ पाव खातो. पण खाणे अति होते, पोट बिघडते, आणि पोटात गेलेले सारे पाठांतर पोटाबरोबरच रिकामे होते! येथे यंत्र बिघडलेले नाही. ते आपले काम चोख करते. आडवा येतो तो नोबिताचा स्वभाव. रोजचा अभ्यास एका रात्रीत उरकू पाहणारा त्याचा आळस. मालिकेतील बहुतेक गोष्टी अशाच घडतात. साधन कितीही अद्भुत असले तरी ते माणसाचा स्वभाव बदलू शकत नाही, हे पाहणाऱ्या मुलाला उपदेशाचा एक शब्दही न ऐकवता उमगते. आयत्या साहाय्याची ओढ लावणारी गोष्ट ते साहाय्य इतक्या वेळा फसलेले कशाला दाखवील?

‘हुकूमशहाची कळ’ या साधनाची गोष्ट तर याहून खोल जाते. ही कळ दाबली की नको असलेला माणूस जगातून नाहीसा होतो, आणि त्याची आठवणही कोणाला उरत नाही. नोबिता प्रथम दांडगट जियानला नाहीसे करतो. पण जियानची जागा लगेच सुनिओ घेतो, आणि नोबिताला छळू लागतो. मग सुनिओही नाहीसा होतो. शेवटी रागाच्या भरात नोबिताच्या हातून सारे जगच नाहीसे होते. खेळणी सारी त्याची, खाऊ सारा त्याचा, पण बोलायला कोणी नाही. तेव्हा छळणारा जियानही परत यावा म्हणून तो व्याकूळ होतो. ही कळ हुकूमशहांना धडा शिकवण्यासाठीच बनवलेली आहे, असा उलगडा अखेर डोरेमॉन करतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी सत्तेविषयी इतके मोठे सत्य इतक्या लहान गोष्टीत सांगणे हे सामान्य लेखकाचे काम नव्हे.

या कथामालेचे बळ एकट्या नोबितात नाही. तिच्यातील प्रत्येक पात्रात एक उणीव आहे, आणि त्या उणिवेपाशीच एखादी हळवी जागाही आहे. जियान दुसऱ्याच्या वस्तू बळकावतो आणि आपले बेसूर गाणे सर्वांना सक्तीने ऐकवतो. परंतु धाकट्या बहिणीला चित्रकथा काढण्याची हौस आहे, तेव्हा तिच्यासाठी हाच मुलगा धडपडतो. सुनिओ श्रीमंतीची ऐट मिरवतो आणि बलवंताच्या आडोशाला उभा राहतो, पण आतून तो भित्रा आहे. शिझुका अभ्यासू व समंजस आहे, तरी भाजलेल्या रताळ्यांची आपली आवड ती लाजून लपवते. आईच्या आग्रहाचा पियानो तिला कंटाळवाणा वाटतो, आणि ज्या व्हायोलिनवर तिचा जीव जडला आहे ते तिच्या हाती कर्कश वाजते. साऱ्या अडचणींवर उपाय जाणणारा डोरेमॉनदेखील उंदीर दिसताच थरथर कापतो, मांजर असूनही!

याच्या उलट देकिसुगी हा मुलगा पाहावा. तो अभ्यासात पहिला, खेळात पुढे आणि वागण्यात सौम्य आहे. त्याच्यात काहीच उणे नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयी सांगण्यासारखी गोष्टही फारशी नाही. मोठ्या साहसाच्या चित्रपटांत तो क्वचितच दिसतो. ज्याला कशाचीच अडचण नाही, त्याची कथा कोठून सुरू व्हावी? पात्र घडते ते त्याच्या उणिवेतून, ही गोष्ट या एका उदाहरणाने स्पष्ट होते.

मग नोबितात चांगले काय आहे? तो दुसऱ्यासाठी रडू शकतो, हे चांगले आहे. एका कथेत त्याला आपल्या दिवंगत आजीचे हातशिवण घातलेले जुने खेळण्यातले अस्वल सापडते, आणि तिला एकदा पाहण्यासाठी तो कालयानातून भूतकाळात जातो. नातवाला शाळेत जाताना पाहायची तिची इच्छा कळताच तो धावत परत येतो आणि पाठीवर दप्तर अडकवून तिच्यापुढे उभा राहतो. दुसऱ्या एका कथेत त्याच्या विवाहाच्या आदल्या रात्रीचे दर्शन घडते. वडिलांना सोडून जाताना गहिवरलेल्या शिझुकाला तिचे वडील धीर देतात. नोबिता दुसऱ्याच्या सुखात सुख मानणारा आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणारा माणूस आहे, म्हणून तिची निवड योग्य आहे, असे त्यांचे मत असते. त्यांनी नोबिताच्या उत्तरपत्रिका पाहिलेल्या नसतात. त्यांनी त्याचे दुसरे गुण पाहिलेले असतात.

नोबिताची खरी कसोटी १९७४ च्या मार्च महिन्यातील कथेत लागली. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जावे लागणार असते. आपल्यामागे नोबिताचे कसे होईल, या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्याच रात्री नोबिताची जियानशी गाठ पडते आणि मारामारी जुंपते. मदतीला हाक मारणे शक्य असूनही नोबिता ती मारत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, पण जियानला सोडत नाही. अखेर जियानच कंटाळून हार मानतो. आपण एकट्याने हे केले, आता तू निश्चिंत मनाने जा, एवढेच त्याला मित्राला सांगायचे असते. या मारामारीत खिशातील कोणतेही साधन नोबिताच्या मदतीला येत नाही, आणि तरीही ही कथा मालिकेच्या चाहत्यांनी सर्वांत जपून ठेवली आहे. पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला, आणि नोबिता पुन्हा पूर्वीसारखा रडू लागला.

येथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. एवढे धैर्य दाखवून हा मुलगा पुन्हा होता तेथेच का आला? याचे उत्तर असे की, कादंबरीतील पात्र आणि दीर्घकाळ चालणाऱ्या बालमालिकेतील पात्र यांचा धर्म भिन्न असतो. कादंबरीतील नायक वाटसरूसारखा असतो. तो एका गावाहून निघतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो. मालिकेतील पात्र गावच्या वडासारखे असते. ते जागचे हलत नाही, पण दरवर्षी नवी मुले त्याच्या सावलीत खेळायला येतात, वाढतात आणि निघून जातात. वाढायचे असते ते मुलांनी. नोबिता मोठा झाला असता, तर त्याच्यामागून दहाव्या वर्षात आलेल्या मुलांना त्यांचा सोबती कोठून मिळाला असता?

तथापि वडालाही नवी पालवी फुटावी लागते. नाहीतर तो उभ्यानेच वाळतो. जागच्या जागी राहणाऱ्या पात्रातही खोली असल्याची खूण अधूनमधून पटावी लागते. या मालिकेच्या चित्रपटांत ती पटते. १९८२ सालच्या चित्रपटात साहस खरेखुरे व्हावे म्हणून सोयीची साधने मागे ठेवण्याचा हट्ट जियान धरतो, आणि त्यापायी सारे मित्र संकटात सापडतात. तो कोणाची क्षमा मागत नाही. मात्र त्यांचा नवा सोबती एकटाच शत्रूला सामोरा जायला निघतो, तेव्हा जियान मुकाट्याने त्याच्या मागोमाग चालू लागतो. १९८५ सालच्या चित्रपटात भयाने लपून बसलेला सुनिओ शिझुका एकटीच रणगाड्यातून लढायला निघाली हे पाहून अखेर तिच्याबरोबर जातो. दांडगट आणि भित्रा हे आपले स्वभाव न सोडताही स्वतःहून मोठे होऊ शकतात. हेच चांगले पात्रलेखन.

एवढी प्रशंसा केल्यावर दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रोजच्या कित्येक भागांत नोबिताचे रडणे ही केवळ सवय होऊन बसते. त्यामागचे दुःख दिसत नाही, रडका चेहरा तेवढा दिसतो. जियानचा मार पुष्कळदा हसण्याचा विषय होतो, आणि मार खाणाऱ्याला तो लागतो याचा विसर पडतो. सर्वांत मोठी उणीव शिझुकाची आहे. चित्रपटांत धीट दिसणारी ही मुलगी रोजच्या भागांत बहुधा नोबिताच्या मनातील बक्षीस होऊन राहते. तिला काय हवे, तिला कशाचे भय वाटते, हे सांगणाऱ्या गोष्टी मुलांच्या गोष्टींपेक्षा फार थोड्या आहेत. मालिका पाहणाऱ्यांत मुलीही असतात. त्यांना आपला सोबती शोधताना नेहमी मुलाच्याच जागी उभे राहावे लागू नये.

एक चित्रपटकथा हातात अपुरी असतानाच १९९६ साली फुजिमोतो निवर्तले. २००५ साली प्रमुख पात्रांना आवाज देणारे कलावंतही बदलले. तरीही नोबिता नोबिताच राहिला, यावरून ही पात्रे किती भक्कम पायावर उभी केलेली होती, हे कळते. मात्र निर्मात्यामागे ती चालवणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे वाढते. पाया भक्कम आहे म्हणून घराची निगा राखू नये, असे कोणी म्हणणार नाही.

२००८ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनची ‘ॲनिमे राजदूत’ म्हणून नेमणूक केली. एखाद्या राष्ट्राने जगापुढे आपला प्रतिनिधी म्हणून शूर योद्धा पाठवला असता, तर नवल वाटले नसते. जपानने पाठवले ते एका नापास होणाऱ्या मुलाची पाठराखण करणारे यंत्रमांजर. त्या निवडीत या कथेचे सारे मर्म आहे.

नोबिताला हसणे सोपे आहे, आणि हसावे म्हणूनच त्याच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. पण हसण्याचेही दोन प्रकार असतात. पडलेल्याला पाहून हसणे निराळे, आणि पडलेल्याला उठवताना त्याच्याबरोबर हसणे निराळे. प्रत्येक वर्गात एखादा नोबिता असतो. त्याची उत्तरपत्रिका परत मिळते, तो ती चटकन दुमडून दप्तरात लपवतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हसते. नोबिताच्या गोष्टी आवडीने पाहणाऱ्या मुलाने त्या क्षणी काय केले, यावरूनच त्या गोष्टी त्याला खरोखर कळल्या की नाही, हे ठरेल. कारण त्या परीक्षेत जे गुण मिळतात, ते लाल शाईने लिहिता येत नाहीत.