डब्यावरचं लोह आणि अंगातलं लोह

कुठलाही कॉर्नफ्लेक्सचा डबा उलटा करून बघा. लोह इतके मिलीग्रॅम, फोलेट इतके मायक्रोग्रॅम... तक्ता असतोच. आपण शिकलीसवरलेली मंडळी तो वाचतो आणि मोठ्या आकड्याचा डबा ट्रॉलीत टाकतो. माझं म्हणणं असं, की तो आकडा खोटा नसतो, पण आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नसतं!

याचं मूळ जुन्या प्रयोगशाळांत आहे. लोह ओळखणं तसं सोपं. पदार्थाची राख करा, आम्लात विरघळवा, पोटॅशियम थायोसायनेट घाला. द्रावण रक्तासारखं लाल होतं. रंग जितका गडद, तितकं लोह जास्त. जीवनसत्त्वांची मात्र पंचाईत. राख केली की तीच नष्ट! म्हणून १९१३ साली विस्कॉन्सिनला मॅकॉलम आणि त्यांच्या सहकारी डेव्हिस यांनी उंदरांनाच मोजपट्टी केलं. आहारात डुकराची चरबी दिली की उंदरांची वाढ खुंटायची, लोण्यातला स्निग्धांश दिला की पुन्हा सुरू व्हायची. त्यातल्या अज्ञात घटकाला पुढे 'अ' जीवनसत्त्व हे नाव मिळालं.

मला ही दुसरी चाचणी जास्त प्रामाणिक वाटते. पहिली विचारते, "पदार्थात आहे का?" दुसरी विचारते, "खाणाऱ्याला लागतं का?"

लोहवाल्यांनाही हा फरक कळला. १९३३ साली त्याच विस्कॉन्सिनमध्ये एल्व्हिएम, हार्ट आणि शर्मन यांनी दाखवलं, की अन्नातलं सगळं लोह शरीराला सारखं वापरता येत नाही. पदार्थ न जाळता डायपिरिडिल हे रसायन वापरलं, तर त्यातलं काहीच लोह रंग देतं. रक्तातल्या हिमॅटिनमधलं लोह रंगही देत नव्हतं आणि उंदरांना उपयोगीही पडत नव्हतं. दोन्ही टेस्ट जुळल्या! पण गंमत म्हणजे, मांसातलं हेच लोह माणसाचं शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा चांगलं शोषतं. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतं म्हणजे प्रॉडक्शनमध्ये चालेलच असं नाही, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आणि लोहच कमी आहे हे तरी कशावरून? १९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या, त्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या पंडुरोगाचा शोध घ्यायला. यातला एक प्रकार लोहाने बरा होत नव्हता. हाफकिन संस्थेत उंदीर, माकडं यांच्यावर प्रयोग झाले. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क दिल्यावर माकडं सुधारली, मग बायकाही. १९३१ साली त्यांनी हे छापलं, तेव्हा त्यातला घटक कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकापासून फॉलिक आम्ल मिळवलं गेलं. विल्स यांचं कोडं त्यानेच सुटलं. म्हणजे लोहासाठी मिरवणारा आपला पालक खरा उपयोगी पडला तो फोलेटसाठी!

हा काही नुसता इतिहास नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात आपल्या ऑफिसातल्या, घरातल्या बायकाही आल्याच. आणि आपण काय करतो? रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसलं की मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणतो, आणि जेवणावर लगेच चहा पितो. चहा लोहाचं शोषण कमी करतो; लिंबू वाढवतं. शिवाय कमतरता फोलेटची किंवा बी१२ ची असेल, तर नुसत्या लोहाने भागणार नाही.

तेव्हा डबा जरूर वाचा. पण हिमोग्लोबिन कमी आलं, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "नेमकं काय कमी आहे?" विल्सबाईंनी मुंबईत येऊन हेच तर विचारलं होतं.