बंदी कुणाची, कुणावर?



परवा गोदीतल्या टपरीवर चहा पिताना भांडण जुंपलं. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर जुना फोटो दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात ३४८ मीटर उंच लालभडक खडक, आणि साखळी धरून वर चढणारी माणसांची रांग. खडकाचं नाव उलुरू. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे. मी म्हणालो, बरं झालं. तो भडकलाच. "पवित्र म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपल्या पणज्यांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला, आणि तू दुसऱ्याच्या पवित्र दगडाला हात जोडतोस?"

सवाल खोटा नाही. पवित्र हा शब्द आमच्या पाठीवर वळ उठवतच आलाय. पण दार बंद दिसलं की घर कुणाचं, कुलूप कुणाचं आणि बाहेर कोण उभा आहे, एवढं तरी बघाल की नाही?

घर अनंगू लोकांचं. हजारो वर्षांचं. १८७३ साली गॉस नावाचा एक गोरा सर्वेअर तिथं पोचला आणि त्यानं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य सचिवाचं नाव खडकाला चिकटवलं. एअर्स रॉक! नाव असलेल्याचं पुन्हा बारसं. धोंड्या, कचऱ्या म्हणवून घेतलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगायला नको. १९५८ साली पर्यटनासाठी तो खडकच त्यांच्या राखीव जमिनीतून कापून काढला. १९६४ साली साखळी ठोकली.

त्याआधी, १९३४ साली, पळालेल्या कैद्यांचा माग काढत एक गोरा पोलीस उलुरूपर्यंत आला. गुहेत लपलेल्या योकुनुन्ना नावाच्या माणसाला त्यानं गोळी घातली. चौकशी झाली. पोलीस सुटला. मढं उकरून ॲडलेडला नेलं आणि कवटी म्युझियमात पडून राहिली. २०२२ साली ती परत आली, उलुरूलाच पुरली. मधली सगळी वर्षं साहेबलोक खडकावर सहली काढत होते.

१९८५ साली सरकारनं जमीन अनंगूंच्या नावावर केली, आणि लगेच ९९ वर्षांच्या पट्ट्यानं परत घेतली. सातबारा तुमचा, वहिवाट आमची! चढणं बंद करू, हे वचन दिलं होतं, तेही गिळलं. मग पुढची कित्येक वर्षं मालक पायथ्याशी पाटी लावून विनवतायत, चढू नका, आणि पाहुणे पाटीशेजारून वर चालले. अनंगूंनी त्यांना नाव ठेवलं मिंगा. म्हणजे मुंग्या.

आता ते पवित्र काय आहे? चुकुर्पा हा त्यांचा कायदा. पाणी कुठं, कुणी कुणाशी कसं वागायचं, पूर्वज कुठून कुठं गेले, सगळं त्यात. चढायची वाट ही माला पूर्वजांची वाट. तिथं पस्तीसहून जास्त माणसं चढताना मेली. आमच्या पुजाऱ्याला आमच्या सावलीचा विटाळ व्हायचा. अनंगू म्हणतात, तू आमचा पाहुणा, तू मेलास तर दुःख आम्हाला होतं. खडकाभोवतीची दहाएक किलोमीटरची पायवाट सगळ्यांना उघडी आहे. जात कुणी विचारत नाही.

काही जागा मात्र फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. तिथं फोटो काढायलाही मनाई. हे मला खटकतं, लपवत नाही. पण ते भांडण त्यांच्या पोरापोरींनी करायचं. तिकीट काढून आलेल्यानं नाही.

आणि काळाराम? १९३४ सालीच बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलं होतं की हा लढा मूर्ती पुजायला मिळावी म्हणून नव्हता, आपल्या माणसांना जागं करण्यासाठी होता. तिथं आम्ही बाहेर होतो. उलुरूला अनंगू बाहेर होते, स्वतःच्याच घराबाहेर. साखळी धरून चढणाऱ्याला सत्याग्रही म्हणायचं का?

खडकाचे तुकडे खिशात घालून नेलेले कित्येक लोक आता ते पोस्टानं परत पाठवतात. सोबत माफीची चिठ्ठी. हे सांगितलं तेव्हा आमचा गडी हसला. म्हणाला, "आपल्याला कुणी काय परत पाठवलं रे?"

तेवढ्यात भोंगा झाला. चहाचे पैसे त्यानंच दिले.