बोर्ड बदलण्याआधी आकडा वाचा

मदरबोर्डाचा बायोस अपडेट झाला, संगणक सुरू झाला आणि ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचा वेग काल होता त्याच्या निम्मा दिसू लागला. कधी तर आठवा हिस्सा. दुकानात विचारले की उत्तर बहुधा तयार असते: ‘बोर्ड गेला, नवा टाका.’ उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात राहणाऱ्याला हे उत्तर पडताळून पाहणेही सोपे नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात दुसरे मत घ्यायचे तर जड कॅबिनेट उचलून लोकलमध्ये शिरायचे, दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचे. बदलापूर लोकलची गर्दी ज्याने पाहिली आहे तो हा विचार सोडून देतो आणि मुकाट पैसे मोजतो.

हे पैसे बऱ्याचदा वाया जातात.

बायोसला हात लावू नये, हा जुना सल्ला आता पुरत नाही. २०२३ च्या वसंतात एएमडीचे काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा व्होल्टेजवर मर्यादा घालणारे बायोस आले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलला तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांमधील अस्थिरता आवरण्यासाठी नवा मायक्रोकोड द्यावा लागला, तोही बायोसमार्फतच. म्हणजे अपडेट करणारा प्रत्येक जण हौशी नसतो. काहींना ते करावेच लागते. पावसाळ्यात मात्र यूपीएसशिवाय करू नये. अपडेट चालू असताना वीज गेली, तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो.

आता आकड्याकडे वळू. या स्लॉटची जोडणी पीसीआय एक्सप्रेस प्रकारची असते आणि तिचा वेग पिढीगणिक साधारण दुप्पट होत आला आहे: तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेनला, म्हणजे डेटाच्या एकेका वाटेला, सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, चौथीत १६, पाचवीत ३२. पहिल्या पिढीत तो अवघा २.५ होता. जीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅममध्ये चौथ्या पिढीचे कार्ड ‘१.१’ वर चाललेले दिसले की मालकाच्या पोटात गोळा येतो. पण काम नसताना वीज वाचवण्यासाठी कार्ड आपणहून त्या वेगावर उतरते. सिग्नलला उभ्या रिक्षाच्या स्पीडोमीटरवरून इंजिनाची ताकद कोणी मोजत नाही. त्याच प्रोग्रॅममध्ये, त्या आकड्याशेजारी, प्रश्नचिन्हाचे छोटे बटण असते. ते दाबून कार्डाला थोडे काम द्यायचे आणि मग आकडा वाचायचा. एवढे केले तरी निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात.

कामाखालीही आकडा कमीच राहिला, तर मात्र शोध घ्यावा लागतो. अपडेटनंतर बायोसमधल्या आधीच्या सेटिंग्ज बऱ्याचदा पुसल्या जातात. कार्ड तिसऱ्या पिढीच्या रायझर केबलवर बसवले असेल आणि स्लॉट हाताने ‘जेन ३’ वर ठेवला असेल, तर तो पुन्हा ‘ऑटो’वर जातो; मग पडदा काळा पडतो किंवा वेग डगमगतो. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्सच्या १६ लेनपैकी ८ काढून घेतल्या जातात. शिवाय अपडेट आणि सफाई एकाच फेरीत उरकण्याची पद्धत आहे. कार्ड काढले, पुसले आणि परत बसवताना खालच्या स्लॉटमध्ये गेले, तर लांबी तीच दिसते, पण अनेक बोर्डांवर तिथे चारच लेन असतात. दोष सॉफ्टवेअरवर येतो, चूक हाताची असते.

आणि खरेच वेग घटला असेल, तरी नुकसान किती? २०२२ मध्ये टेकपॉवरअप या संकेतस्थळाने आरटीएक्स ४०९० हे तेव्हाचे सर्वांत दांडगे कार्ड तिसऱ्या पिढीच्या वेगावर चालवून पाहिले. घट सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. खरा फटका स्वस्त कार्डाला बसतो. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला मुळात चारच लेन दिल्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर ते स्पष्टपणे मंदावत असे. जुन्या बोर्डावर स्वस्त कार्ड घेणाराच त्यात सापडला.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणेही बरोबर नाही. २०१९ मध्ये काही कंपन्यांनी एक्स४७० आणि बी४५० बोर्डांवर बायोसमधून चौथ्या पिढीचा वेग खुला केला होता. एएमडीने तो पुढच्या बायोसमध्ये बंद करायला लावला. जुन्या बोर्डांवर चौथ्या पिढीचे संकेत नीट चालतीलच याची हमी देता येत नाही, हे तिचे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे होते. पण ज्याच्या बोर्डावर ते नीट चालत होते, त्याच्या हातात अपडेटनंतर काय उरले? अपडेटने काय मिळते ते कंपन्या ठळक छापतात. काय जाते तेही तितक्याच ठळकपणे छापणे आणि जुन्या आवृत्तीवर परतण्याची वाट खुली ठेवणे त्यांना बंधनकारक असायला हवे.

तो नियम होईल तेव्हा होईल. तोवर यंत्र अपडेटला देताना ग्राहकाने कामाखालचा स्लॉटचा आकडा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बिलावर लिहून मागावा. नवा बोर्ड सुचवणाऱ्याकडून कारणही लेखी घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेविरुद्ध तक्रारीची सोय आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे असा कागदच उपयोगी पडतो. जो दुकानदार आकडा लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडे यंत्र ठेवू नये.