बसलेल्या गाडीला रबर नको, स्प्रिंग द्या

जुनी गाडी पुढून खाली बसली की बरेच मालक ॲक्सेसरीचं दुकान गाठतात आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर बसवून घेतात. गाडी दोन बोटं वर येते, मालक खूश होतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ते पैसे नव्या स्प्रिंगांसाठी ठेवावेत, आणि हत्यारांची सवय असेल तर हे काम घरच्या अंगणात करावं.

गाडी बसली की ‘स्प्रिंग मऊ झाली’ असं आपण सहज म्हणतो. पण स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या यांवर, आणि वर्षं उलटली तरी यात फारसा फरक पडत नाही. कमी होते ती तिची लांबी. वर्षानुवर्षं ओझं आणि खड्ड्यांचे दणके सोसून तार थोडी कायमची पिळली जाते आणि स्प्रिंग पूर्वीइतकी वर येत नाही. बफर ही गेलेली लांबी परत देत नाही. तो काही वेढे अडवून धरतो, त्यामुळे गाडी कडक होते आणि उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो. त्यातून तार गंजलेली असेल, तर ती तुटण्याची वेळ आपणच जवळ आणतो.

आमच्याकडे अजून मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ मध्ये बाजारात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटच्या खेपेतली ८०० सुद्धा आज दहा वर्षांपुढची. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ज्यांना गाडी ठेवायचीच आहे, त्यांनी आधी तिच्या खाली डोकवावं. सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं. स्टिअरिंग वळवताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो का, ते ऐकावं. आणि सर्वांत खालचा वेढा जरूर बघावा. आमच्या गाडीत तिथे पावसाळ्यातला चिखल वाळून घट्ट बसला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे निघाले आणि तारेवर खोलगट खड्डे दिसले. स्प्रिंग तुटते ती बहुधा अशाच खड्ड्यातून, आणि तुटलेलं टोक टायरही फाडू शकतं.

८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. शॉकअप मधोमध, त्याच्याभोवती स्प्रिंग, असा एकच खांब. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवायची. विटांवर कधीच नाही, वीट न सांगता फुटते. चाक काढायचं, ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून मोकळा करायचा, चाक पेलणाऱ्या नकलला (knuckle) धरणारे दोन बोल्ट खोलायच्या आधी त्यांच्या जागेवर खूण करायची, मग बॉनेटखालचे नट काढायचे. माझी मुलगी पाना घेऊन मदतीला होती. तिने विचारलं, “बाबा, हा मधला मोठा नट पण सैल करू?”

“त्याला हात लावू नकोस,” मी म्हटलं. “स्प्रिंग दाबून धरलीय ती त्यानेच.”

या कामातला खरा धोका त्या एका नटात आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन किलोचा भार लागतो असं धरलं, तर १५ सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद म्हणजे सुमारे ३० किलोचं भरलेलं गॅस सिलिंडर पाऊण मीटरवरून पायावर पडावं, इतकी. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. त्याचे दोन आकडे समोरासमोर लावायचे आणि एकदा इकडे, एकदा तिकडे, थोडे थोडे आटे देत हातानेच आवळायचे. वरच्या बशीत स्प्रिंग हाताने हलू लागली की मगच मधला नट. या वेळी तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको. कॉम्प्रेसर मिळत नसेल तर स्ट्रट तसाच उचलून गॅरेजमध्ये न्यावा, तिथे स्प्रिंग बदलून आणावी आणि घरी बसवावी. दोरी, तार किंवा साखळीने बांधून हे काम कुणीही करू नये.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत नीट टेकलंय ना, ते बघावं. स्ट्रट हातात आहे तोवर शॉकअपमधून तेल गळतंय का, रबरी बूट फाटलाय का, वरचं बेअरिंग अडकतंय का, हेही तपासून घ्यावं. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात, नाहीतर नव्या बाजूने गाडी उंच राहते आणि तिरकी उभी राहते. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावं, कारण बोल्ट जरा सरकले तरी चाकाचा कल बदलतो आणि नवे टायर एका कडेने झिजतात.

जुनी गाडी वापरणं काटकसरीचं आहे आणि मला ते मनापासून पटतं. पण काटकसर पॉलिश आणि सीट कव्हरवर करावी. ज्या भागावर गाडीचं वजन आणि आत बसलेल्या माणसांचा जीव पेलला जातो, तिथे नवा आणि योग्य भागच घालावा. दोन स्प्रिंगांचा खर्च जड वाटत असेल, तर ती गाडी हायवेवर काढू नये.